थाकसाहेब मयताला आले

"आज कोण गेलं, ब्योनताई?"

राजदूत झाल्यावरही हा माणूस रोज सकाळी फोन करून मला हेच विचारायचा. तब्येत कशी आहे नाही, काय चाललंय नाही. दूर विषुववृत्तावरच्या बेटांच्या देशात, देशाचा झेंडा लावलेल्या काळ्या गाडीतून हिंडणारे आमचे थाक ग्यू-मान, आणि त्यांना काळजी कसली, तर कोरियातल्या आमच्या मुरांग तालुक्यात आज कुठला म्हातारा मेला याची.

मी त्यांचं मतदारसंघातलं ऑफिस वीस वर्षं सांभाळलं. साहेबांची पाटी उतरली, नवा खासदार आला, त्याने आपली माणसं आणली आणि मी घरी बसले. तरी फोन येत राहिला आणि मीही तो घेत राहिले. माझी मुलगी म्हणते, आई, तो नंबर बंद करून टाक. तिला काय जातंय बोलायला. वीस वर्षं ज्याच्या नावाने शिव्या खाल्ल्या, त्याचा नंबर बंद करणं इतकं सोपं नसतं.

थाकसाहेब पाचदा निवडून आले. संसदेत त्यांनी काय दिवे लावले ते विचारू नका. भाषणं केली ती हाताच्या बोटांवर मोजावीत. अर्थसंकल्पाच्या दिवशी डुलकी घेताना त्यांचा फोटो दोनदा पेपरात आला. एकदा सभागृहात धक्काबुक्की झाली, तेव्हा साहेब टेबलाखाली कुणाचा तरी बूट घट्ट धरून बसलेले टीव्हीवर दिसले. बूट त्यांच्याच पक्षाच्या माणसाचा निघाला. त्यांच्या नावावर एक पूल आहे, बोटींचे दोन धक्के आहेत आणि समुद्री शेवाळ वाळवायची एक शेड आहे, जिचं छप्पर पहिल्याच वादळात उडालं. तरी ते दर वेळी निवडून यायचे. कारण एकच. मुरांगमध्ये मयत झालं की थाकसाहेब तिथे असायचे.

आमच्याकडे कायदा असा, की खासदाराने मतदाराच्या घरी साधं फुलांचं चक्रही पाठवायचं नाही. ती लाच ठरते. म्हणून सगळे खासदार शोकाचा झेंडा ठेवतात. पांढरं कापड, त्यावर काळ्या अक्षरांत नाव, खाली लोखंडी पाया. झेंडा द्यायचा नसतो, नुसता उसना उभा करायचा, आणि प्रेत उचललं की काढून पुढच्या मयताला न्यायचा. कायदाही राहतो आणि नावही दिसतं. साहेबांचे झेंडे गाडीत टाकून गावोगाव फिरायचं काम माझं. माझी गाडी कोपऱ्यावर वळली की लोक एकमेकांना विचारायचे, "ब्योनताई आली, कोण गेलं?" पोरांची बारशी, लग्नं मला ठाऊक नाहीत. या तालुक्यातले मेलेले मात्र मला सगळे पाठ आहेत.

दुसऱ्या खासदारांचे नुसते झेंडे जात. थाकसाहेब झेंड्यामागून स्वतः जात. शुक्रवारी रात्री सेऊलहून निघायचे, शनिवारी चार मयतं, रविवारी तीन. फोटोपुढे दोनदा दंडवत, मुलाला एकदा नमस्कार, मग मांडी घालून बसायचं, तिखट रस्सा नि भात ओरपायचा, नाक झिणझिणवणारा आंबवलेला मासा खायचा, आणि मेलेल्याची अशी एखादी गोष्ट सांगायची की त्याच्या बायकोलाही ती नवी वाटावी. ढोंग होतं का? नव्हतं, हीच तर पंचाईत आहे. माणूस खरंच रडायचा. मी गाडीत बसून घड्याळ बघत असायचे आणि हे आत कुठल्या तरी कोळ्याच्या आजीसाठी हुंदके देत असायचे. पुढच्या गावात लोक ताटकळलेले, आणि बाहेर येऊन मलाच म्हणायचे, "ब्योनताई, उशीर का केलात?"

सहाव्या वेळी पक्षाने त्यांचं तिकीट कापून एका चाळिशीतल्या वकिलाला दिलं. गप्प बसवायला काहीतरी द्यायचं, म्हणून राजदूत केलं. परराष्ट्र खात्यातली माणसं परीक्षा देऊन, वर्षानुवर्षं खर्डेघाशी करून वर चढलेली. वरून आणून बसवलेल्या माणसाकडे ती कशी बघत असतील ते सांगायला नको. साहेबांच्या हाताखालचे नाम्गुंग म्हणून वरिष्ठ अधिकारी होते. अतिशय सभ्य माणूस. पहिल्या महिन्यात त्यांनी मला फोन केला तो फक्त हे विचारायला, की राजदूतसाहेब जेवणाच्या टेबलावरून उठून वाढप्यांशी हात का मिळवतात?

"सवय आहे त्यांची," मी म्हटलं.

"अहो मॅडम, ते आचाऱ्याला त्याच्या आईचं नाव विचारत होते."

"मग? कळलं का नाव?"

"कळलं. आणि आता ते मलाही लक्षात ठेवायला सांगतायत."

नवीन हुद्दा मिळाल्यावर साहेबांनी मला काय सांगावं? "ब्योनताई, झेंड्यावर 'राजदूत' अशी अक्षरं करून घ्या." मी म्हटलं, "साहेब, आता तुमचा या मयतांशी संबंध काय?" तर म्हणाले, "निवडणूक काय, परत येतेच की." मी चांगली पंधरा मिनिटं बोलले, डोकं आपटलं, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन झेंडा करून आणला. माझ्यासारखी मूर्ख बाई शोधून सापडायची नाही.

आता कप्तानाचं सांगते. आमच्याच गावचा गू बोंग-ह्वान मासेमारीच्या मोठ्या बोटीवर कप्तान होता. त्याची बायको जॉमरे आणि मी एका बाकावर बसून शिकलो. वसंतात त्याची बोट त्या बेटांच्या देशाच्या हद्दीत शिरली म्हणून तिथल्या गस्तीवाल्यांनी धरली. खलाशी महिन्याभरात सुटले. बोटीच्या मालकाने हात वर केले. कप्तान मात्र तिथल्या बंदरावर अडकला. तुरुंगात नव्हता, पण बंदर सोडायची मुभा नाही. पासपोर्ट त्यांच्याकडे, आणि हा एका गोदामाच्या माडीवर पंख्याखाली पडून.

साहेब त्याच देशात राजदूत होऊन गेले, तेव्हा मुरांगमध्ये दिवाळीच झाली म्हणा. "आपला माणूस आहे तिथे!" जॉमरेने मला मिठी मारली. साहेबांनी फोनवर तिला सांगितलं, "वहिनी, काळजी करू नका, मी बघतो." हे वाक्य त्यांनी वीस वर्षांत किती लोकांना सांगितलं असेल ते देवच जाणे.

पण या वेळी त्यांनी खरंच बघितलं, हे कबूल केलं पाहिजे. नाम्गुंग चार महिने कागद पाठवत होते आणि कागद तसेच परत येत होते. मग त्या प्रांताच्या गव्हर्नरचे सासरे वारले. साहेबांनी ते स्वयंपाकघरातल्या आचाऱ्याकडून ऐकलं आणि निघाले. तिथली भाषा येत नाही, रीत ठाऊक नाही. गेले, दारात बूट काढले, म्हाताऱ्यांच्या रांगेत जमिनीवर बसले आणि तीन दिवस हलले नाहीत. नाम्गुंग म्हणतात, रडलेसुद्धा. चौथ्या दिवशी गव्हर्नरने स्वतः विचारलं, तुमचं काम काय आहे? ठरलं. गुरुवारी सकाळी गव्हर्नर आणि राजदूत समोरासमोर बसून कागदावर सह्या करतील आणि कप्तान त्याच रात्री विमानात बसेल.

आणि बुधवारी पहाटे कप्तानाची आई गेली.

बोसॉंगवाली आजी म्हणून सगळं गाव तिला ओळखायचं. शेवटचा आठवडाभर तिला एकच ध्यास होता. जॉमरे तिला पेज भरवायची आणि ती विचारायची, "बोट लागली का?" जॉमरे सांगायची, "उद्या लागते, आई." उद्या उद्या करता करता म्हातारी गेली.

मी अंगणात वर्षभराच्या किमचीसाठी, आमच्या आंबट लोणच्यासाठी, कोबीला मीठ लावत होते. हात तसेच खारट, साहेबांना मीच फोन लावला.

"साहेब, बोसॉंगवाली आजी गेली. ऐका नीट. तिसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी दुपारी, डोंगरावर नेणार. उद्या सकाळी सही झाली आणि रात्रीचं विमान मिळालं, तर बोंग-ह्वान शुक्रवारी माती द्यायला पोचतो. एकुलता एक मुलगा आहे. उद्याची सही काही झालं तरी चुकता कामा नये."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आजीने मला पहिल्या निवडणुकीला वाळवलेली पर्सिमनची फळं दिली होती, ब्योनताई."

"हो साहेब. सही."

"काळजी करू नका. मी बघतो."

मी कोबीकडे परत गेले. माझं चुकलं काही असेल तर एवढंच, की मी वीस वर्षांनंतरही त्या माणसाला ओळखलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी तालुक्याच्या दवाखान्याच्या तळघरातल्या अंत्यविधीगृहात आम्ही बसलो होतो. आजीचा फोटो फुलांमध्ये. जॉमरे आणि तिच्या दोन मुली काळ्या कपड्यांत. मुलगा नाही म्हणून मुलाच्या जागी चुलत दीर उभा, आणि तो बिचारा दर पाहुण्याला "मी मुलगा नाही, मुलगा येतोय" असं सांगून दमलेला. घराण्यातले थोरले गूकाका, वय नव्वदीला टेकलेलं, कोपऱ्यात बसून सगळ्यांच्या चुका काढत होते. "मुलगा नसलेलं मयत म्हणजे कसलं मयत," हे त्यांनी सकाळपासून इतक्यांदा म्हटलं, की जॉमरेची धाकटी शेवटी बाहेर जाऊन भिंतीला तोंड करून उभी राहिली.

दारात गलका झाला. मी वळून बघितलं. काळा सूट, काळा टाय, डोळे सुजलेले, केस विमानात झोपून एका बाजूला चपटलेले. थाकसाहेब.

मला वाटलं मला भास होतोय. ते सरळ फोटोपुढे गेले, गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं आणि मोठ्याने रडायला लागले. "आजी, मला उशीर झाला!" सगळं तळघर हललं. म्हातारे उठून उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, "एवढ्या लांबून! दुसरा कुणी राजदूत असता तर आला असता का?" थोरल्या गूकाकांनी सकाळपासून पहिल्यांदा कुणाला तरी चांगलं म्हटलं. "याला म्हणतात माणूस," ते म्हणाले. साहेबांना धरून टेबलाशी नेलं, रस्सा आला, डुकराचं उकडलेलं मांस आलं, मासा आला, सोजू दारूची बाटली आली. मधेच कुणाची तरी आई विचारली, कुणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन विचारलं.

मी त्यांच्या कानाशी वाकले.

"साहेब, आज सकाळी सही होती ना?"

"अहो, नाम्गुंगला सांगून आलोय. सहीला काय, पेन धरता आलं की झालं. आईचं मयत एकदाच असतं. मी नसतो आलो तर लोक काय म्हणाले असते?"

"तुम्हाला रजा कुणी दिली?"

"खात्याला कळवलं, मावशी वारली म्हणून."

तेवढ्यात माझा फोन वाजला. नाम्गुंग होते. त्या सभ्य माणसाचा आवाज चिरकला होता. "मॅडम, राजदूतसाहेब तिथे पोचले का? गव्हर्नर सकाळी फुलं लावून, फोटोग्राफर घेऊन बसले होते. मी एकटा गेलो. ते म्हणाले, माझ्या सासऱ्यांसाठी जो बसला तो कुठे आहे? मी काय सांगणार? कागद बंद करून उठून गेले. आता ते राजधानीला गेलेत. शनिवारी सकाळी परत येतील, तेव्हा शेवटची वेळ देतो म्हणाले. राजदूत स्वतः पाहिजेत. आणि मॅडम, एक विचारू? यांना अजून किती मावश्या आहेत?"

मी फोन ठेवला तेव्हा जॉमरे माझ्यासमोर उभी होती. माझं तोंड बघूनच तिला कळलं असावं. तरी तिने साहेबांना विचारलं, अगदी हळू.

"साहेब, ते कुठे आहेत?"

"येतोय, वहिनी, येतोय. थोडं मागेपुढे होतंय, पण मी बघतो."

"ओकसून, तू सांग," तिने माझ्याकडे वळून मला शाळेतल्या नावाने हाक मारली.

मी सांगितलं. मला लपवता आलं असतं. वीस वर्षं तेच केलं होतं मी, यांच्या प्रत्येक चुकलेल्या वेळेवर पांघरूण घातलं होतं. त्या दिवशी घातलं नाही. गव्हर्नर उठून गेला, सही झाली नाही, बोंग-ह्वान अजून त्या गोदामाच्या माडीवर आहे, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं.

चमच्यांचे आवाज थांबले. साहेब हातात मांसाचा तुकडा घेऊन बसले होते, तो तसाच राहिला.

"उठा, साहेब," जॉमरे म्हणाली.

"वहिनी—"

"जेवण झालं तुमचं. उठा. तुम्ही इथे बसलात म्हणून ते तिथे बसलेत."

"अगं जॉमरे," थोरले काका ओरडले, "साहेबांशी असं बोलतात? ते आपल्या आईसाठी आले!"

"आईने यांना बोलावलं नव्हतं, काका. आई आठवडाभर एकालाच बोलावत होती." मग ती सगळ्यांकडे वळली. "शुक्रवारी न्यायचं नाही. पाच दिवस ठेवायचं. रविवारी नेऊ."

काका उठूनच बसले. तिसरा नाही तर पाचवा, रीतीत बसतं, पण गू घराण्यात पाच दिवस मयत कुणी ठेवलं नव्हतं. पाच दिवस बड्या लोकांनी ठेवावं, आपण कोण? आणि आलेल्यांना खाऊ काय घालायचं? डोंगरावर खड्डा खणायला सांगितलेल्या माणसांना काय तोंड दाखवायचं? ते बोलत राहिले आणि जॉमरे ऐकत राहिली. बोलून दमले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "काका, तुम्हाला नसेल थांबायचं तर घरी जा." सून म्हणून चाळीस वर्षं त्या घरात होती, काकांशी मान वर करून बोललेली मी तिला पाहिली नव्हती. मग तिने दारातला राजदूताचा झेंडा उचलला आणि बाहेर नेऊन माझ्या गाडीला टेकवून ठेवला.

थाकसाहेबांना आजवर कुठल्या मयतातून कुणी उठवलं नव्हतं. ते उठले, चुकून फोटोपुढे पुन्हा वाकले, आणि माझ्यामागे चालत आले.

विमानतळ चार-साडेचार तासांवर. पहिला तासभर मी नुसती गाडी हाणली. मग जी सुटले! मी म्हटलं, साहेब, तुम्हाला काम म्हणजे काय ते माहीतच नाही. तुम्हाला दारात उभं राहून नमस्कार घेणं माहीत आहे. तिथे तीन दिवस बसून तुम्ही त्या गव्हर्नरला जिंकलंत, मी स्वतः तुमचं कौतुक केलं, आणि ज्या दिवशी बसायचं होतं त्या दिवशी उठून आलात. ज्या जागी तुमच्यावाचून अडत होतं ती जागा सोडून जिथे तुमच्यावाचून पान हलायचं थांबणार नव्हतं तिथे आलात. का? लोक काय म्हणतील! त्या पोराने आईचं तोंड बघितलं नाही, आता माती तरी द्यायला मिळते की नाही कुणास ठाऊक, त्याला काय म्हणायचं असेल ते कोण विचारणार?

ते खिडकीबाहेर कापलेल्या भातशेतांकडे बघत होते.

"ब्योनताई, मला दुसरं काही येत नाही," ते म्हणाले.

मला आणखी चीड आली. असं बोललं की समोरच्याने काय करायचं? "मग जे येतं तेच करा," मी म्हटलं. "तिकडे जाऊन बसा. सही होईपर्यंत बसून राहा. आणि इथे कोण गेलं ते मला विचारू नका."

विमानतळावर त्यांनी सवयीने गाडीच्या काचेतून माझा हात हातात घेतला आणि मग सोडला. मी परत फिरले. वाटेत दोनदा गाडी थांबवून रडले, रागाने.

शुक्रवार आणि शनिवार कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. मुरांगच्या लोकांना दोन दिवस मयताला बसायची सवय आहे. चौथ्या दिवशी काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पाहुणे येऊन गेले होते. फुलं कोमेजली. रस्सा पुन्हा पुन्हा गरम करून काळा पडला. थोरले काका घरी गेले नाहीत, पण बोलणं बंद करून बसले. बाया जॉमरेच्या पाठीमागे कुजबुजायच्या, साहेबांना हाकललं हिने, आता बघू कोण येतंय. जॉमरे सासूच्या फोटोपुढे बसून राहिली. शनिवारी दुपारी नाम्गुंगांचा फोन आला. सही झाली होती. साहेब सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन गव्हर्नरच्या दारात उभे होते, आणि गव्हर्नरने त्यांना चांगलं दोन तास उभं ठेवलं. मी जॉमरेला सांगितलं. तिने मान हलवली आणि मुलींना म्हणाली, "बापाचे काळे कपडे आणा." घरून आणले तर ते कसरीने खाल्लेले.

रविवारी दुपारी खड्ड्यात उतरवायची वेळ मुहूर्त बघणाऱ्या जाणत्याने काढून दिली होती. ती टळली तर बरं नाही, असं सगळ्यांचं म्हणणं. बोंग-ह्वानचं विमान सकाळी उतरलं होतं, पण रविवार, रस्त्यावर गर्दी, माझा भाचा त्याला घेऊन निघाला होता आणि फोन उचलत नव्हता. आम्ही डोंगरावर. थंड वारा. खणणारी माणसं फावडी टेकून उभी. ज्याने वेळ काढून दिली तो घड्याळ बघून खाकरला. थोरले काका दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलले, "उतरवा आता."

जॉमरे खड्ड्याच्या कडेला जाऊन बसली. पाय आत सोडून.

कुणी तिला हात लावायला धजलं नाही. किती वेळ गेला मी बघितलं नाही. मग खालून पाइनच्या झाडांमधून कुणीतरी धावत येताना दिसला. उन्हाने काळवंडलेला, गालफडं बसलेली, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि पायात रबरी चपला. नोव्हेंबरातल्या त्या थंडीत त्याच्या अंगातून वाफ निघत होती. मी आधी ओळखलं नाही. जॉमरेने ओळखलं. ती उठली आणि बाजूला झाली, एवढंच.

बोंग-ह्वान शवपेटीपाशी आला आणि कोसळला. "आई, बोट लागली," म्हणाला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं म्हातारी काय विचारायची ते. खणणाऱ्यांमधला एक माणूस तोंड फिरवून रडायला लागला. थोरल्या गूकाकांनी आपल्या डोक्यावरची सुतकाची तागाची टोपी काढली, त्याच्या डोक्यावर घातली, आणि कंबरेचा दोर सोडून त्याच्या कंबरेला बांधला. मग त्याने पहिली माती दिली. वेळ टळून गेली होती आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

नंतर उतारावर ताडपत्री टाकून सगळे जेवायला बसले. पाच दिवसांत जे कुणाच्या घशाखाली उतरलं नव्हतं ते उतरायला लागलं. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. मी बाजूला गेले.

"पोचला का?"

"पोचला. माती दिली त्याने."

त्यांनी मोठा श्वास सोडला. मग सांगितलं, की खात्याने मावशीची चौकशी केली आणि त्यांना परत बोलावलंय, महिनाअखेर राजदूतपद संपेल. ते सांगताना त्यांच्या आवाजात काही नव्हतं. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटलं म्हणून रागही आला.

"ब्योनताई," ते म्हणाले, "आज माझी कुणी आठवण काढली?"

या प्रश्नाला माझं उत्तर वीस वर्षं ठरलेलं होतं. काढली ना साहेब, सगळे विचारत होते. खोटं बोलायला मला काहीच जड गेलं नसतं. मी वळून ताडपत्रीकडे बघितलं. बोंग-ह्वान दोन लेकींच्या मध्ये बसला होता आणि जॉमरे त्याच्या भातावर रस्सा ओतत होती. बाकी कुणाकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"नाही साहेब," मी म्हटलं. "कुणीच नाही."

मला वाटलं फोन तुटला.

"जेवतोय का तो?" त्यांनी विचारलं.

"जेवतोय."

"बरं," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाने माझ्याआधी फोन ठेवला.